कै. लक्ष्मीबाई टिळक

मोठा ग्रंथ लिहावयास मोठी विद्वत्ता आणि मोठे प्रसंग लागतात, असा पुष्कळांचा समज असतो. लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र वाचल्यावर तो टिकत नाही.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर या खेड्यात झाला. माहेरचे आडनाव गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आणलेले मीठदेखील धुतल्यावाचून घरात येत नसे. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. त्या वेळी त्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरओळख झाली ती पुढे पतीच्या घरी.

टिळक थोर कवी व उदार अंतःकरणाचे, परंतु शीघ्रकोपी आणि व्यवहाराविषयी उदासीन होते. हाती आलेला पैसा ते गरजूस देऊन मोकळे होत आणि चूल कशी पेटवावी, हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे उभा राही. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा तर त्यांच्यावर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूस पोटाशी धरून त्यांनी काही वर्षे आप्तांच्या आश्रयाने काढली. पुढे त्या नगरास पतीजवळ आल्या, तरी प्रथम त्यांनी आपला स्वयंपाक सोवळ्यानेच निराळा ठेविला. पुढे स्वतःच्या विचाराने त्यांच्या मनातील जातिभेद हळूहळू गळून पडला व १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ज्या घरी मीठ धुतले जाई, त्या घरची ही कन्या पुढे अनेक पोरक्या मुलांची आई झाली.

१९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. त्यात चौसष्ट अध्यायांची भर घालून लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. तथापि त्यांचे नाव अजरामर झाले ते 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राने. १९३४ पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले. स्वयंपाकघरातील फजिती, पतिपत्नींची भांडणे, मुलांची दुखणी, प्रवासातील हाल एवढेच त्यातील साहित्य, आणि भाषा घरात बोलतात तीच. ज्या प्रसंगी दुसऱ्या कोणी पतीस दोष दिला असता, तेथे त्या प्रथम स्वतःस हसतात. पण सोसलेले दुःख लपवीतही नाहीत. म्हणूनच हे पुस्तक वाचताना हसू आणि आसू एकदमच येतात. शेवटचा भाग लिहून पुरा होण्यापूर्वीच, १९३६ साली, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

विद्यार्थिमित्रहो, निबंधास विषय सुचत नाही, अशी तक्रार आपण नेहमी करितो. लक्ष्मीबाईंस विषय शोधण्याकरिता उंबरठ्याबाहेर जावे लागले नाही. आपल्याही घरी आजी किंवा आई चुलीजवळच्या कितीतरी गोष्टी सांगत असते. त्या लक्ष देऊन ऐकाव्यात आणि जमल्यास तिच्याच शब्दांत उतरून ठेवाव्यात.