नाण्यांची झीज वाचणारे कोसंबी

बारामती-इंदापूरच्या जिरायत भागात ज्वारी चाळणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. चाळण स्थिर धरली तर दाणे वरच अडकतात, हलकेच हलवली तर खाली उतरतात आणि जोरात हिसडली तर कचराही सोबत येतो. वेडीवाकडी हालचाल दरवेळी अडथळाच ठरते असे नाही. ती कामाचीही असू शकते, हे ज्यांनी गणितातून दाखवले त्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी होते.

१९०७ साली गोव्यात जन्मलेले दामोदर हे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र. १९२९ मध्ये ते हार्वर्डचे पदवीधर झाले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले आणि १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले.

प्राचीन आहत नाण्यांवर ना राजाचे नाव असते, ना साल. कोसंबींनी अशी हजारो नाणी तोलली. हातोहात फिरताना प्रत्येक नाणे झिजते, पण सारखे नाही. चलनातला काळ वाढेल तसे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. एकटे नाणे काही सांगत नाही. ढीग मात्र बोलतो. वेड्यावाकड्या आलेखाची साध्या घटकांत फोड करण्याची त्यांची १९४३ मधील पद्धत आज ईसीजीच्या विश्लेषणातही वापरली जाते. १९४४ मध्ये त्यांनी जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र दिले. १९६६ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

यापुढचे पाऊल इतरांनी टाकले. हिमयुगांचे कोडे सोडवताना इटालियन शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडले, की यादृच्छिक गोंगाट क्षीण संकेताला बळ देऊ शकतो. मज्जातंतूचेही तसेच आहे. ठरावीक उंबरठा ओलांडल्याशिवाय तो संदेश पाठवत नाही. क्षीण स्पर्श उंबरठ्याशी अडतो, हलके कंपन त्याला पलीकडे ढकलते. कंपन फार झाले तर स्पर्शच बुडतो. २००३ मध्ये अमेरिकी संशोधकांना आढळले, की जाणवणारही नाही इतके कंपन देणाऱ्या तळव्यांवर उभे राहिल्यास वृद्धांचा तोल सुधारतो.

मधुमेहाने बधिर झालेल्या पायांवर हा रोजचा उपचार अजून झालेला नाही. तोवर अनवाणी शेतात जाऊ नये आणि रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत. काटा रुतल्याची खबर तंतू देत नसतील, तर ती डोळ्यांनीच घ्यावी लागते.