हिवऱ्याच्या बागेतले गिब्सनसाहेब

डिसेंबरच्या पहाटे मीना, कुकडी नाहीतर घोड नदीच्या काठाने निघालात तर गारठा कसा बोचतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. त्याच गारठ्यात ग्रामपंचायतीच्या आवारातला क्रोटन पाने गाळतो अन् शेजारच्या वाफ्यातला ॲस्टर मात्र टवटवीत असतो. असली देशोदेशीची झाडे आपल्या हवेत आजमावून पाहणारे एक डॉक्टर जुन्नर तालुक्यात होऊन गेले. त्यांचे नाव अलेक्झांडर गिब्सन.

साहेब मूळचे स्कॉटलंडचे. जन्म १८०० सालचा, शिक्षण एडिंबरोला. कंपनी सरकारचे डॉक्टर म्हणून ते इकडे आले. इथल्या भाषा शिकले आणि दख्खन व खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली. १८३८ मध्ये पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग त्यांच्या ताब्यात आली. आपल्याकडे हिवऱ्यालाही त्यांच्या देखरेखीखाली एक बाग होती. जुन्या इंग्रजी कागदांत गावाचे नाव हेवरा असे सापडते.

बागेचे काम नुसते शोभेचे नव्हते. सोनामुखी, खुरासानी ओवा अशी औषधी झाडे लावायची आणि औषध सरकारी दवाखान्यांसाठी पुरवायचे, हा मोठा भाग. आता बघा, खुरासानी ओवा हे थंड मुलखाचे झाड. आपला हिवाळा म्हणजे त्याच्या वाढीचा हंगाम. ॲस्टर, फ्लॉक्स, पिटुनिया यांचेही तेच. उलट क्रोटनसारखे दमट, उष्ण बेटांवरचे झाड पारा १० अंशांच्या खाली गेला की बर्फ न पडताही आजारी होते. थंडी एकच, पण एकाला मानवते अन् दुसऱ्याला मारते.

त्यातही जागा पाहावी लागते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब वर निघून जाते. गार हवा जड, ती ओढ्याकाठच्या खोलगट जागी साचते. म्हणून वरच्या बांधावरची जास्वंद वाचते, खालची करपते. अशा जागी संध्याकाळी हलके पाणी द्या, ओली जमीन ऊब धरून ठेवते. कुंडीतल्या झाडांना मात्र पाणी कमीच बरे, नाहीतर मुळे कुजतात. कुंड्या भिंतीलगत, वळचणीखाली घ्या. रात्री गोणपाट पांघरा, सकाळी काढा. ऑक्टोबरनंतर जास्वंद-बोगनवेल छाटू नका, युरिया तर नकोच, कारण कोवळी फूट आधी जळते. काडीकचरा पेटवून धूर करणारे पुष्कळ आहेत, पण आमचा भरवसा पाण्यावर अन् पांघरुणावर जास्त.

गिब्सनसाहेबांकडे वळू. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले आणि १८६० पर्यंत त्या जागेवर राहिले. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, पाऊसपाण्यावर परिणाम होतो, असे ते सरकारला कळवीत राहिले. सह्याद्रीच्या माथ्याकडे पाहिले की हा माणूस किती आधी बोलला ते कळते. १८६१ साली डॅल्झेल यांच्याबरोबर त्यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १८६७ च्या जानेवारीत ते वारले.

दापोडीच्या बागेतल्या झाडांची चित्रे त्यांनी एका पोर्तुगीज वळणाच्या हिंदी चित्रकाराकडून काढून घेतली होती. साहेबांचे नाव राहिले, त्या बिचाऱ्याचे राहिले नाही. ही चित्रे आज एडिंबरोच्या सरकारी वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. तिथल्या थंडीत आपली बोगनवेल जगवायची म्हटली तर काचेच्या घरातच ठेवावी लागते.