युसूफ मेहरअली : वकिलीची सनद नाकारली गेली, तरी मागे हटले नाहीत

सेमाडोहहून परतवाडा, अमरावतीला शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना सायमन गो बॅक आणि क्विट इंडिया हे दोन नारे पाठ असतात. दोन्ही नाऱ्यांचं श्रेय ज्यांना दिलं जातं, ते युसूफ मेहरअली मात्र फारसे कुणाला माहीत नसतात.

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत, सुखवस्तू खोजा मुस्लिम घराण्यात झाला. पणजोबांनी शहरातल्या सुरुवातीच्या कापड गिरण्यांपैकी एक उभी केली होती. पोरगा एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाला, कायदा शिकला. आता हा वकिली करेल, पैसा कमावेल, असंच घरच्यांना वाटलं असणार.

पण १९२८ साली सायमन कमिशन आलं. मेहरअलींनी बॉम्बे यूथ लीगची पोरं जमवली आणि ३ फेब्रुवारीला काळे झेंडे घेऊन बंदरावर धडक दिली. लाठ्या खाल्ल्या. त्याच दिवशी मुंबईचे कामगारही निषेधाला रस्त्यावर उतरले होते. या चळवळीपायी पुढे सरकारने त्यांना वकिलीची सनदच मिळू दिली नाही. आज आपल्यापैकी किती आई-वडिलांना हे चाललं असतं?

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग झाला, १९३२ मध्ये पुन्हा. १९३४ साली जयप्रकाश नारायण आदी साथींबरोबर काँग्रेस समाजवादी पक्ष काढला. कॉलेजची पोरं, कामगार आणि शेतकरी तिथे एका छताखाली आले. कमलादेवी चट्टोपाध्याय तर या पक्षाच्या अध्यक्षाही झाल्या. त्या काळात बाईने पक्ष चालवणं साधं नव्हतं.

१९४२ मध्ये मेहरअली मुंबईचे महापौर झाले, तोवरचे सगळ्यात तरुण. ऑगस्टमध्ये पुढाऱ्यांची धरपकड झाली, त्यात तेही आत गेले. बाहेर ९ ऑगस्टला अरुणा असफ अली यांनी गवालिया टँकवर झेंडा फडकवला, उषा मेहता या तरुणीने साथीदारांसोबत गुप्त रेडिओ चालवला.

तुरुंगात मेहरअलींना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने खास इलाज देऊ केला. आणखी दोन आजारी कैद्यांनाही तोच मिळावा, अशी त्यांनी अट घातली. सरकारने ती मानली नाही, मग त्यांनीही इलाज घेतला नाही. १९४३ मध्ये सुटका झाली, पण तब्येत पुन्हा सावरली नाही. २ जुलै १९५० रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं ४६.