जागा देणारा राजा

(राजर्षी शाहू महाराज हे कोल्हापूर संस्थानचे छत्रपती होते. ते शिकारीचे मोठे शौकीन होते. राजवाड्यात शिकारीच्या खुणांना मानाची जागा असे. पण आपल्या राज्यात कोणाकोणाला जागा मिळाली पाहिजे, याचाही विचार त्यांनी केला. या पाठात त्यांच्या जीवनाची ही बाजू सांगितली आहे.)

कोल्हापूर शहरात कसबा बावड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक मोठा राजवाडा आहे. तो काळ्या घडीव दगडांचा आहे. त्याला नवा राजवाडा म्हणतात. मेजर मॅन्ट या इंग्रज स्थापत्यकाराने त्याचा आराखडा तयार केला. १८७७ साली बांधकामाला सुरुवात झाली आणि १८८४ साली ते पूर्ण झाले. वाड्याच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. वाड्याच्या एका भागात १९७४ पासून वस्तुसंग्रहालय आहे.

या संग्रहालयात तलवारी, बंदुका, पोशाख आणि जुनी चित्रे आहेत. परंतु मुले जास्त वेळ रेंगाळतात ती प्राण्यांपाशी. येथे वाघ, बिबळे, अस्वले, रानडुकरे आहेत. भिंतींवर शिंगे आणि मुंडकी लावली आहेत. हे सारे प्राणी शिकारीत मारलेले आहेत. यांतील अनेक शिकारी शाहू महाराजांच्या नंतरच्या पिढीने केल्या. मात्र शिकारीचा हा नाद या घराण्यात पूर्वीपासून होता.

मारलेला प्राणी घरात ठेवणे सोपे नसते. आधी त्याचे कातडे अलगद काढतात. त्याला मीठ लावतात, मग ते कमावतात. प्राण्याच्या आकाराचा साचा करून त्यावर ते चढवतात. खऱ्या डोळ्यांच्या जागी काचेचे डोळे बसवतात. म्हैसूर येथे व्हॅन इंगेन यांचा कारखाना या कामासाठी प्रसिद्ध होता. अनेक संस्थानांतील शिकारी तेथे जात. एवढे करूनही काम संपत नाही. कातड्याला कसर लागते, धूळ बसते, दमट हवेने केस गळतात. त्याची सतत निगा राखावी लागते.

शिवाय जागा लागते. हरणाची शिंगे सोप्याच्या दारावरही मावतात. पूर्वी गावोगावच्या इनामदारांच्या वाड्यांत अशी शिंगे लावलेली असत. उभा वाघ ठेवायचा तर मोठे दालन हवे. म्हणून शिकारीच्या खुणा हे राजेलोकांच्या वैभवाचे लक्षण मानले जाई. पाहुणे येत, भिंतींकडे पाहत आणि घरधन्याच्या शौर्याची तारीफ करीत. अशा घराण्यात एक राजा होऊन गेला. त्याचे मन मात्र भिंतींपाशी थांबले नाही.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेतले. त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. राजकोट आणि धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते.

महाराजांचे शरीर धिप्पाड होते. त्यांना कुस्ती, घोडेस्वारी आणि शिकार यांची मनापासून आवड होती. कोल्हापुरात चित्त्यांकडून काळवीट पकडण्याची शिकार प्रसिद्ध होती. चित्ते पाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. माळावर नेईपर्यंत चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालीत. काळविटांचा कळप दिसला, की टोपी काढून त्याला मोकळा सोडत. पापणी लवते न लवते तोच चित्ता कळपाला गाठी. रानडुकराची शिकार मात्र घोड्यावर बसून भाल्याने करीत. ती फार धोक्याची. डुक्कर उलटले किंवा घोडा अडखळला, तर स्वाराच्या प्राणावर बेते. राधानगरीजवळचे दाजीपूरचे जंगल छत्रपतींच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते.

शिकारीसाठी महाराज रानावनांतून हिंडत. त्यामुळे राजवाड्यात बसून जे दिसले नसते, ते त्यांना दिसले. शेतकऱ्यांचे दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले. रानात त्यांना फासेपारधी भेटले. महाराज शिकार करीत ती हौसेसाठी, पारधी शिकार करीत ते पोटासाठी. इंग्रजांच्या कायद्याने अशा कित्येक जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता. त्यांना गावात थारा नव्हता. महाराजांनी पारध्यांना काम दिले, राहायला जागा दिली. आपल्या सोनतळी कॅम्पवर त्यांनी त्यांना पहाऱ्यावर नेमले. ज्यांना लोक चोर समजत, त्यांच्यावरच राजाने विश्वास टाकला. पुढे १९१८ साली त्यांनी आपल्या संस्थानात काही जातींवरची रोजच्या हजेरीची सक्तीही बंद केली.

त्या काळी खेड्यातील मुलाला शिकायचे असेल, तर शहरात यावे लागे. पण शहरात राहायचे कोठे? खोली भाड्याने घ्यायला पैसे नसत. पैसे असले तरी जात पाहून घर नाकारले जाई. मुलगा हुशार असूनही जागेवाचून त्याचे शिक्षण थांबे. महाराजांनी हे नेमके ओळखले. १९०१ साली त्यांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्याच साली जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. मग एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले.

मुसलमान मुलेही शिक्षणात फार मागे होती. त्यांनी शिकावे अशी महाराजांची तळमळ होती. सुरुवातीला त्यांनी काही मुसलमान मुलांना मराठा वसतिगृहातच ठेवून घेतले. पुढे १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले. वसतिगृहासाठी त्यांनी शहरात जागा दिली, बांधकामासाठी पैसे दिले आणि संस्थानच्या जंगलातील लाकूडही दिले. कोल्हापूरच्या दसरा चौकातील हे मुस्लिम बोर्डिंग अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांचा आधार बनले. कुराणाचे मराठीत भाषांतर व्हावे म्हणूनही महाराजांनी मदत केली. थोर गायक अल्लादिया खाँ आणि चित्रकार आबालाल रहमान यांना त्यांच्या दरबारात आश्रय मिळाला.

जागा या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. नोकरीतील पदालाही आपण जागा म्हणतो. संस्थानच्या कचेऱ्यांतील बहुतेक जागा त्या वेळी मोजक्या वर्गांच्या हाती होत्या. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी एक हुकूम काढला. रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात, असे त्यात म्हटले होते. त्या वेळी महाराज इंग्लंडमध्ये होते. परदेशात असतानाही त्यांना आपल्या गोरगरीब प्रजेचा विसर पडला नाही.

गंगाराम कांबळे यांची हकिकत कोल्हापुरात आजही सांगतात. गंगाराम महाराजांच्या घोड्यांच्या पागेत कामाला होते. ते अस्पृश्य मानलेल्या जातीचे होते. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना काही लोकांनी मारहाण केली. महाराजांना हे समजताच त्यांनी मारणाऱ्यांना कडक शिक्षा केली. मग गंगाराम यांना चहाचे दुकान काढून दिले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतःच दुकानापुढे आपली गाडी थांबवू लागले. ते चहा मागवीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. राजाच चहा पितो म्हटल्यावर इतरांचा नाइलाज झाला.

१९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरवला. त्या काळी एक रुपया ही मोठी रक्कम होती.

पुढच्याच वर्षी महाराजांवर दुःखाचा डोंगर कोसळला. त्यांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी हे एकोणीस वर्षांचे होते. वडिलांप्रमाणे त्यांनाही शिकारीचा नाद होता. १२ जून १९१८ रोजी रानडुकराची शिकार करताना ते घोड्यावरून पडले आणि मृत्यू पावले. ज्या खेळाची महाराजांना आयुष्यभर आवड होती, त्याच खेळाने त्यांचा मुलगा हिरावून नेला. त्यांच्या लग्नाला जेमतेम एक वर्ष झाले होते. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी त्या वेळी अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या.

त्या काळी विधवा झालेल्या स्त्रीची जागा घराच्या कोपऱ्यात असे. तिने बाहेर पडू नये, शिकू नये, अशी रूढी होती. राजघराण्यात तर पडदा अधिकच कडक होता. महाराजांनी ही रूढी मानली नाही. सुनेने शिकावे असे त्यांनी ठरवले. घरच्या माणसांचा विरोध त्यांनी पत्करला. जेथे शिकारीचे बेत होत, त्या सोनतळी कॅम्पवर त्यांनी तिच्या अभ्यासाची सोय केली. सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. त्या सर्वजणी एकत्र राहत आणि एकत्र शिकत. सुनेने पुढे डॉक्टर व्हावे, अशीही महाराजांची इच्छा होती. १९२५ साली इंदुमतीदेवी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ते पाहायला महाराज मात्र हयात नव्हते. पुढे इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात स्त्रियांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी पुष्कळ काम केले.

गेलेल्या पुत्राची आठवण कशी जपावी? राजाला तसबिरी लावायला भिंतींची कमतरता नव्हती. महाराजांनी १९२० साली मुलाच्या नावाने प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस सुरू केले. गरीब मुलांची तेथे विनामूल्य सोय झाली. आपला मुलगा गेला, पण त्याच्या नावाने दुसऱ्यांच्या मुलांना छप्पर मिळाले.

याच १९२० साली मार्च महिन्यात माणगाव येथे अस्पृश्य वर्गाची मोठी परिषद भरली. परिषदेचे अध्यक्ष तरुण भीमराव आंबेडकर होते. महाराज तेथे आवर्जून गेले आणि त्यांनी आंबेडकरांचा गौरव केला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचेही नव्हते.

महाराजांच्या काळात शिकार हा राजांचा खेळ होता. आज तो काळ उरला नाही. बेसुमार शिकारीमुळे आणि माळराने कमी झाल्यामुळे भारतातील चित्ता नाहीसा झाला. १९५२ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. २०२२ साली आफ्रिकेतून चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडावे लागले. १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी घातली. दाजीपूरचे शिकारीचे जंगल १९५८ पासून अभयारण्य झाले आहे. जेथे गव्यांवर बंदुका रोखल्या जात, तेथेच आज गव्यांना संरक्षण आहे.

मुलांनो, कोल्हापूरला गेलात तर नवा राजवाडा अवश्य पाहा. काचेच्या डोळ्यांचे ते वाघ जरूर पाहा. मग दसरा चौकात या आणि तेथील वसतिगृहे पाहा. राजवाड्यातले वाघ कित्येक वर्षे एकाच जागी उभे आहेत. वसतिगृहांतून मात्र दरवर्षी शिकून तयार झालेली मुले बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी नवी मुले येतात. राजवाड्याच्या भिंती तर पुष्कळ राजांनी सजवल्या. बेघरांना जागा देणारा राजा विरळाच असतो. म्हणूनच लोक शाहू महाराजांना राजर्षी म्हणतात.

शब्दार्थ
घडीव – घडवलेला, कोरून नीट केलेला
सोपा – घराच्या पुढच्या भागातील बैठकीची जागा
कातडे कमावणे – कातडे टिकावे म्हणून त्यावर प्रक्रिया करणे
कसर – कपडे व कातडे खाणारी कीड
थारा – आश्रय
पागा – घोडे बांधण्याची जागा
रूढी – पूर्वीपासून चालत आलेली रीत
नामशेष होणे – फक्त नाव उरणे, नाहीसे होणे
विरळा – क्वचित आढळणारा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शाहू महाराजांचे मूळ नाव काय होते?
(आ) चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी कधीपर्यंत घालीत?
(इ) प्रिन्स शिवाजी यांचा मृत्यू कसा झाला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी महाराजांनी काय काय केले?
(आ) गंगाराम यांच्या दुकानात महाराज चहा का घेत असत?
(इ) महाराजांनी आपल्या मुलाची आठवण कशी जपली?

३. जागा या शब्दाचे पाठात आलेले दोन अर्थ सांगा. प्रत्येक अर्थाचे एक वाक्य तयार करा.

४. शिकार, शौकीन, तारीफ हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधून लिहा.