तह करणारा सुलतान

बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षे थकलेल्या कर्जांच्या फायलींत गेली. कोर्टात दावा लावणे त्यात सर्वांत सोपे. कागदावर शेरा मारला की अधिकारी मोकळा! अवघड असे ते कर्जदाराला समोर बसवून तडजोड करणे. वरिष्ठांना वाटे, याने फार सोडले. कर्जदाराला वाटे, याने फार घेतले. पिठाच्या गिरणीवरून भांडणाऱ्या दोघा भावांचे प्रकरण मी असेच मिटवले. पुढे कित्येक महिने दोघेही मला रस्त्यात ओळख दाखवीत नसत.

इजिप्तचा सुलतान अल-कामिल याचे चरित्र वाचताना ते दोघे भाऊ मला आठवत राहिले.

अल-कामिल हा सलाउद्दीनचा पुतण्या. ११८७ मध्ये क्रूसेडवाल्यांकडून जेरुसलेम जिंकून घेतले, तोच हा सलाउद्दीन. अशा काकाचा वारसा सांभाळायचा म्हणजे हाती तलवारच हवी, असे कुणालाही वाटेल. त्यातून राज्य हाती आले तेही ऐन संकटात. १२१८ मध्ये युरोपातून आलेल्या फौजांनी नाईलच्या मुखाजवळच्या दमिएत्ता शहराला वेढा घातला आणि त्याच ऑगस्टमध्ये वडील अल-आदिल वारले. पुढे छावणीतच एका सरदाराने कट केला. सुलतानाला रातोरात छावणी सोडावी लागली. दमास्कसचा भाऊ अल-मुअज्जम धावून आला, म्हणून निभावले.

या अडचणीत अल-कामिलने शत्रूपुढे एक प्रस्ताव ठेवला : इजिप्त सोडून जा आणि जेरुसलेम घ्या. ज्या शहरासाठी हे लोक समुद्र ओलांडून आले होते, तेच तो देऊ करीत होता. त्यांच्यातला राजा जॉन ऑफ ब्रिएन तयार होता. पण पोपचा प्रतिनिधी पेलागियस याने नकार दिला. १२१९ च्या नोव्हेंबरात दमिएत्ता पडले. त्याच वर्षी असिसीचा संत फ्रान्सिस युद्धरेषा ओलांडून सुलतानाच्या छावणीत आला होता. सुलतानाने त्याला भेट दिली आणि सुखरूप परत पाठवले.

१२२१ च्या उन्हाळ्यात क्रूसेडची फौज कैरोच्या दिशेने निघाली. नाईलला पूर आला होता. अल-कामिलच्या माणसांनी बांध फोडले आणि ती सारी फौज चिखलात अडकली. धान्य संपले. आता एक इशारा पुरेसा होता. सुलतानाने मात्र दमिएत्ता परत घेतले, आठ वर्षांचा तह केला आणि उपाशी सैनिकांना अन्न पुरवून जाऊ दिले.

एवढे वाचून कुणी त्याला संत ठरवील, तर तसे नाही. पुढे ज्या भावाने त्याला वाचवले होते, त्याच्याशीच त्याचे बिनसले. तेव्हा त्याने सिसिलीत सम्राट दुसऱ्या फ्रेडरिककडे आपला अमीर फख्रुद्दीन याला पाठवले. मदतीला या, जेरुसलेम तुमचे, असा निरोप होता. पण १२२८ मध्ये फ्रेडरिक पोहोचला, तोवर भाऊ वारला होता आणि सुलतानाची गरज बरीचशी सरली होती. फ्रेडरिकही अडचणीत होता. पोपने त्याला बहिष्कृत केले होते, आणि फौजही बेताची होती.

तरीही अल-कामिलने बोलणी तोडली नाहीत. महिनोन्‌महिने दूत येत-जात राहिले. अखेर १८ फेब्रुवारी १२२९ रोजी तह झाला. जेरुसलेम, बेथलेहेम आणि नाझरेथ ख्रिश्चनांकडे गेले. जेरुसलेममधली अल-अक्सा मशीद आणि घुमटाची वास्तू मुसलमानांकडे राहिली. तिथे त्यांना नमाजाला मोकळीक होती. मुदत दहा वर्षे आणि काही महिने. शहरासाठी लढाई झालीच नाही.

मग शिव्यांचा पाऊस पडला. दमास्कसच्या मोठ्या मशिदीत सुलतानाचा निषेध झाला, लोक रडले. काकाने रक्त सांडून मिळवलेले शहर पुतण्याने बसल्या जागी देऊन टाकले, ही वेदना खोटी नव्हती. तिकडे ख्रिस्ती धर्मगुरूंनीही हा तह धिक्कारला. आणि फ्रेडरिक आक्र बंदरातून परत निघाला, तेव्हा त्याच्याच धर्माच्या लोकांनी त्याच्यावर खाटकाकडची घाण फेकली.

त्याच वर्षी अल-कामिलने पुतण्याकडून दमास्कस घेतले. त्यासाठी त्याला ही बाजू शांत हवी होती, हे उघड आहे. स्वार्थ होताच. पण बँकेच्या टेबलावर मी एवढे शिकलो, की निखळ मनाने तडजोडीला कुणीच येत नाही. करार पाळला गेला का, हे पाहायचे.

हा करार पाळला गेला. १२३८ च्या मार्चमध्ये दमास्कसला अल-कामिल वारला, तेव्हाही तो चालू होता. १२३९ मध्ये मुदत संपली आणि पुन्हा तलवारी निघाल्या. १२४४ मध्ये ख्वारिझमी स्वारांनी जेरुसलेम लुटले, कापून काढले. तेव्हा त्या दहा वर्षांची किंमत कळते. दहा वर्षांत त्या शहरात जन्मलेले मूल चालायला, बोलायला, लिहायला शिकते.

त्या दोघा भावांची गिरणी मात्र पुढेही चालू राहिली. सकाळी बँकेत जाताना तिचा आवाज मला ऐकू येई. भाऊ ओळख दाखवोत न दाखवोत, गावाला पीठ मिळत होते.