अंधारांतील लाजाळू

कारंजाच्या आसपास संध्याकाळीं फिरावयास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं चिंचेचीं पानें मिटलेलीं खचित पाहिलीं असतील. टाकळ्याचीहि तीच तऱ्हा. सूर्य मावळला म्हणून पानें मिटलीं, असें सर्वांसच वाटतें. हें ज्यांनीं पडताळून पाहिलें, त्या गृहस्थांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

झाँ-जाक द मेराँ ह्यांचा जन्म १६७८ सालीं दक्षिण फ्रान्समधील बेझिये गांवीं झाला. ते गणित व ज्योतिष ह्यांचे अभ्यासक. १७१८ मध्यें पॅरिसच्या विज्ञान अकादमीनें त्यांस सभासद करून घेतलें. उत्तर ध्रुवाकडील आकाशांत रात्रीं दिसणाऱ्या प्रकाशावर त्यांनीं १७३३ मध्यें मोठा ग्रंथ लिहिला. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा विषयच नव्हता.

तरीहि लाजाळूच्या जातीचें एक रोप त्यांनीं अंधारांत ठेविलें. उजेड मुळींच नसतां तें दिवसां पानें उघडीत असे व रात्रीं मिटीत असे! ही वेळ त्यास कोण सांगत होतें? १७२९ मध्यें हा प्रयोग अकादमीपुढें मांडिला तो मेराँ ह्यांनीं नव्हे, तर मार्शां नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें. आणि तोहि अवघ्या थोड्या ओळींत.

मेराँ ह्यांचें अनुमान मात्र चुकलें. रोपास सूर्य न दिसतांहि जाणवतो, असें त्यांनीं ठरविलें. पुढें १८३२ मध्यें द कांदोल ह्यांनीं दाखविलें कीं, अखंड प्रकाशांत लाजाळूचा फेरा २२ ते २३ तासांतच पुरा होतो. सूर्याचाच इशारा असता, तर बरोबर २४ तास भरले असते. अर्थात् घड्याळ रोपाच्या आंतच होतें.

मनुष्याचें असें घड्याळ मेंदूंत आहे. त्याचा फेरा बहुधा २४ तासांहून किंचित् लांब, म्हणून सकाळच्या उजेडानें तें रोज जुळवावें लागतें. रात्रीं उशिरां डोळ्यांवर पडलेला उजेड त्यास मागें ढकलतो. मग झोप लांबते व सकाळीं शाळेची घंटा वैरीण वाटते. परीक्षेच्या दिवसांत मध्यरात्रीपर्यंत मोबाइलच्या उजेडांत बसणाऱ्या मुलांच्या पालकांनीं हें ध्यानीं घ्यावें. ह्या घड्याळाचीं चाकें म्हणजे पेशींतील जनुकें होत. तीं कशीं चालतात हें फळमाशीवर शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग ह्या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

मेराँ १७७१ मध्यें ९२ वर्षांचे होऊन पॅरिस येथें वारले. चंद्रावरील एका विवरास त्यांचें नांव दिलेलें आहे.