रँग्लर नारळीकर आणि आकाशाचा शेवट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि पुढचे कितीतरी दिवस आम्ही लातूरकर अंगणात झोपलो. भिंतींवरचा विश्वासच उडाला होता. अशाच एका रात्री धाकटीनं विचारलं, हे आकाश कुठं संपतं? मला उत्तर येईना.

ते शोधतानाच मला विष्णू वासुदेव नारळीकर भेटले. जयंतरावांचे वडील एवढीच त्यांची ओळख आपण ठेवली आहे, हे मला खटकतं.

जन्म कोल्हापूरचा, १९०८ चा. मुंबईत बी.एस्सी. करून ते केंब्रिजला गेले, रँग्लर झाले. तिथं एडिंग्टन होते. सूर्याजवळून येताना ताऱ्यांचा प्रकाश वाकतो, हे त्यांनी १९१९ च्या ग्रहणात मोजलं होतं. म्हणजे आइन्स्टाइनचं म्हणणं खरं, अवकाशालाच वक्रता असते! नारळीकर तिथं शिकत असतानाच, १९२९ मध्ये, हबलनं दीर्घिका दूर पळताहेत हे दाखवलं. १९३२ मध्ये मालवीयजींच्या बोलावण्यावरून ते बनारसला गणिताचे प्रमुख झाले. पंचविशीही गाठली नव्हती.

त्यांचा विषय मी कलिंगडावरून समजून घेतला. कलिंगडावर मुंगीनं मोठा त्रिकोण काढला, तर कोनांची बेरीज १८० अंशांहून जास्त भरेल. घोड्याच्या खोगिरावर कमी, सारवलेल्या अंगणात बरोबर १८०. खाली न उतरता मुंगीला आपल्या जगाचा आकार कळतो. आणि कलिंगडावर ती कितीही चालली तरी शेवट लागत नाही, पण म्हणून कलिंगड काही अनंत नसतं.

हे गणित नारळीकरांनी १९६० पर्यंत बनारसमध्ये शिकवलं. त्यांच्याकडे आलेल्या प्र. चु. वैद्यांनी १९४३ मध्ये प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचं सूत्र दिलं. ते आजही जगभर वापरतात. घरी मुलांसाठी त्यांनी भिंतीत फळे बसवून घेतले होते. पुढे राजस्थान लोकसेवा आयोग, मग पुणे विद्यापीठ. १९९१ मध्ये ते गेले.

विश्वाचा तो मोठा त्रिकोण त्यांच्या पश्चात मोजला गेला. अंटार्क्टिकावर उडवलेल्या फुग्यातल्या दुर्बिणीनं आदिम प्रारणातले डाग टिपले. २००० साली निकाल आला: दिसतं तेवढं विश्व जवळजवळ सपाट, अंगणासारखं! पण ते कुठं संपतं का, हे मात्र त्यातून ठरत नाही.

धाकटी आता स्वतः आई आहे. परवा तिच्या मुलाला मी कलिंगडावर त्रिकोण काढून दाखवत होतो. दुसऱ्या कोनापर्यंत पोचलो, तोच त्यानं फोड मागितली.